मरणाचा हक्क : मागणाऱ्याच्या शोधात

१

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि जुन्या दंड संहितेबरोबर तिचे ३०९ वे कलमही इतिहासजमा झाले. आत्महत्येचा प्रयत्न करून जो वाचला, त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद सांगणारे हे कलम १ जानेवारी १८६२ पासून या देशात लागू होते. प्रारंभी कैदेच्या जोडीला दंडही होता. १८८२ साली दुरुस्ती होऊन कैद, दंड किंवा दोन्ही असा पर्याय न्यायाधीशास मिळाला. त्यानंतर ते जवळजवळ जसेच्या तसे टिकून राहिले.

कलम लहान होते. त्याच्याभोवतीचा वाद मात्र लहान नव्हता. माणसाचे आयुष्य कोणाचे? त्याचे स्वतःचे, ईश्वराचे, कुटुंबाचे की राज्याचे? जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्क सामावलेला आहे काय? मनोरुग्णाची मरणेच्छा ही त्याची इच्छा मानावी, की त्याच्या आजाराचे लक्षण? हे सगळे प्रश्न त्या चार ओळींच्या आधाराने न्यायालयांत उभे राहिले. या वादाचा इतिहास सामान्यतः निवाड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली कलम अवैध ठरले, तमुक साली ते पुन्हा वैध ठरले, असा तो क्रम असतो. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. मरणाच्या हक्काचा प्रश्न ज्यांच्या निमित्ताने चर्चिला गेला, त्या माणसांनी स्वतः काय मागितले होते, एवढाच हा शोध आहे. त्यांतील अनेकांनी मरण मागितलेच नव्हते, असे या शोधात आढळते, आणि त्याचा अर्थ लावणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

२

आपल्या भाषेत स्वेच्छामरणाला एकच नाव नाही. आत्महत्या, जीव देणे, आत्मार्पण, प्रायोपवेशन, समाधी, सल्लेखना, महाप्रस्थान या शब्दांनी सुचवलेले अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली असे म्हणताना मराठी माणसाच्या मनात ‘आत्महत्या’ हा शब्द चुकूनही येत नाही. आणि घरातील सुनेने विहीर जवळ केली, तर तिला कोणी ‘समाधी’ म्हणत नाही. कृती एक दिसली तरी तिचे नाव ठरवताना समाज मरणाऱ्याचा अधिकार, त्याचे वय, त्याचा हेतू आणि त्याचे मन यांचा विचार करतो.

धर्मशास्त्रानेही हा भेद केला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात या विषयावरील वचने साक्षेपाने एकत्र केली आहेत. क्रोधाने, भयाने किंवा दुःखाने जीव देणाऱ्याचे और्ध्वदेहिक करू नये, अशी एका बाजूला निषेधक वचने आहेत. दुसऱ्या बाजूला ज्याचे देहकर्म संपले आहे असा वानप्रस्थ, असाध्य रोगाने ग्रासलेला वृद्ध, प्रयागासारख्या तीर्थाच्या ठिकाणी देह ठेवू इच्छिणारा भाविक यांच्यासाठी अपवादही सांगितलेले आहेत. पुढे मध्ययुगात कलिवर्ज्यांच्या याद्या झाल्या, तेव्हा महाप्रस्थानगमन आणि वृद्धांनी कड्यावरून वा अग्नीत देह टाकणे हे या युगात वर्ज्य ठरवण्यात आले. म्हणजे परंपरेने आधी अपवाद मान्य केले आणि नंतर त्यांतले काही काढून घेतले. परंपरेच्या नावाने या प्रश्नाचे एकच उत्तर देता येणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र या बाबतीत फार कठोर आहे. काम, क्रोध इत्यादींच्या आहारी जाऊन जो स्वतःचा घात करील, किंवा दुसऱ्याकडून करवील, त्याचे प्रेत राजमार्गावरून दोरीने ओढत न्यावे आणि त्याला अंत्यसंस्कार नाकारावेत, असे तेथे विधान आहे. जीवन संपवणाऱ्याविषयीची निर्दयता केवळ इंग्रजांबरोबर या देशात आली, असा समज असेल तर तो येथे गळून पडतो. मात्र हे विधान ज्या प्रकरणात येते, त्याचा विषय लक्षात घेण्याजोगा आहे. ते आहे आशुमृताची, म्हणजे अकस्मात मेलेल्याची परीक्षा. मृत्यू खरोखर स्वतःच्या हातून आला की दुसऱ्याने घात करून तसा देखावा केला, हे अधिकाऱ्याने प्रथम तपासावे. आणि स्वतःच प्राण दिलेला असेल, तर त्या माणसावर कोणता अनुचित ‘विप्रकार’, म्हणजे कोणता अपकार, झाला होता याचा शोध घ्यावा, असे कौटिल्य सांगतो. शिक्षा क्रूर आहे, यात शंका नाही. पण शिक्षेच्या आधी एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न मेलेल्याला नसून त्याच्या भोवतालच्यांना विचारलेला आहे. हा ‘विप्रकार’ शब्द आपल्याला पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

३

१८६० च्या दंड संहितेने हा प्रश्न विचारला नाही. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली तिचा पहिला मसुदा तयार केला, तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्या हा स्वतःविरुद्ध केलेला खून मानला जात होता. १८२३ पर्यंत अशा माणसाचे प्रेत चव्हाट्यावर, रस्त्यांच्या चौफुलीवर, पुरण्याची चाल तेथे होती. त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा नियम १८७० पर्यंत टिकून होता.

या कठोरपणातून वाट काढण्यासाठी इंग्रज ज्यूरींनी एक युक्ती योजली. मृताच्या विधवेचे व मुलांचे घरदार वाचावे म्हणून ते मृताला मृत्युसमयी भ्रमिष्ट ठरवू लागले. वेडा ठरला की तो गुन्हेगार राहत नसे. दयाबुद्धीने काढलेल्या या पळवाटेचा परिणाम दूरगामी झाला. जीव देऊ पाहणारा माणूस एक तर अपराधी किंवा वेडा, तिसरे काही तो असू शकत नाही, अशी विभागणी कायद्याच्या विचारात रुजली. त्याच्याजवळ काही कारण असेल, काही सांगणे असेल, याला या विभागणीत जागाच उरली नाही.

भारतात हीच विभागणी कलमांच्या रूपाने आली. दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने बुद्धिभ्रष्ट माणसाला गुन्ह्यातून वगळले आणि ३०९ व्या कलमाने उरलेल्यांना शिक्षा सांगितली. जो शहाणा असून जीव देऊ पाहतो तो तुरुंगात, आणि जो शहाणा नाही तो वेड्यांच्या इस्पितळात, असा हा हिशेब होता. पुढे खुद्द इंग्लंडने १९६१ साली स्वतंत्र कायदा करून आत्महत्येचा गुन्हा रद्द केला. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतरही कलम तसेच राहिले.

४

विधी आयोगाने १९७१ सालच्या आपल्या ४२ व्या अहवालात ते रद्द करावे अशी शिफारस केली. त्यानुसार तयार झालेले दुरुस्ती विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत संमतही झाले. परंतु १९७९ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर संपले. ही केवळ संसदीय कामकाजातील दुर्घटना होती. एरवी पुढील पन्नास वर्षांचा वाद कदाचित झालाच नसता.

ऐंशीच्या दशकात या चर्चेचे केंद्र मुंबई हे होते. मिनू मसानी यांनी १९८१ साली तेथे सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था स्थापन केली. असाध्य आजारात जीव रेंगाळत ठेवणारे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण मिळावे, असे एक विधेयक सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत मांडले. ही चळवळ प्रामुख्याने सुशिक्षित, वृद्धत्वाचा विचार करणाऱ्या नागरिकांची होती. तिच्यापुढचे चित्र रुग्णालयातील खाटेचे होते.

परंतु न्यायालयात जे प्रकरण पोहोचले ते अगदी निराळे होते. ‘मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. अर्जदार मुंबई पोलीस दलातील शिपाई होता. रस्त्यावरील अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला आणि त्यानंतर त्याला मानसिक आजार जडला. घर चालावे म्हणून पत्नीला भाजी विकण्यासाठी जागेचा परवाना हवा होता. तो मिळेना, म्हणून तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. तेथे दाद लागली नाही, तेव्हा १९८५ साली त्याने त्या कार्यालयाबाहेरच आत्मदहनाचा प्रयत्न केला. लोकांनी त्याला वेळीच रोखले. पोलिसांनी त्याच्यावर ३०९ खाली खटला भरला.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. भाषणस्वातंत्र्यात जसे मौनाचे स्वातंत्र्य येते, तसे जगण्याच्या हक्कात न जगण्याचे स्वातंत्र्य येते, हा त्या निवाड्यातील प्रसिद्ध युक्तिवाद होय. आत्महत्येच्या प्रयत्नांमागील कारणे नाना प्रकारची असताना सर्वांना एकच शिक्षा सांगणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असेही न्यायालयाने म्हटले. मानसिक आजारातून असे पाऊल उचलणाऱ्याला उपचारांची गरज असते आणि तुरुंगाच्या कोठडीत त्याची अवस्था अधिकच बिघडेल, हे त्यातील विधान तर आजही कोणाला नाकारता येणार नाही.

निवाडा उदार आहे, मानवी आहे. तरीही तो वाचताना एक गोष्ट मनात राहून जाते. अर्जदार ज्या दिवशी त्या कार्यालयात गेला, त्या दिवशी तो मरणाचा हक्क मागायला गेला नव्हता. तो भाजीच्या गाड्याइतकी जागा मागायला गेला होता. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा एक मोठा अर्थ त्याच्या नावाने लावला गेला. त्याची मूळ मागणी मात्र घटनाक्रमाच्या परिच्छेदात, प्रास्ताविकापुरती, राहिली. न्यायालयाचा यात दोष नाही. त्याच्यापुढे कलमाची वैधता होती, परवान्याचा अर्ज नव्हता. कायद्याची रचनाच अशी, की माणूस आपल्या विप्रकारासह आत येतो आणि तत्त्व होऊन बाहेर पडतो.

५

दिल्ली उच्च न्यायालयाने १९८५ साली या कलमावर कडक टीका केली होती. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्यानंतर ते वैध मानले. हा मतभेद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९९४ साली पी. रथिनम प्रकरणात न्यायमूर्ती आर. एम. सहाय आणि न्यायमूर्ती बी. एल. हंसारिया यांनी कलम ३०९ रद्दबातल ठरवले. आधीच पोळलेल्या माणसाला पुन्हा डागणे क्रूर आहे, ही त्यामागील भूमिका होती.

दोनच वर्षांनी हा निर्णय फिरला, आणि तो ज्या प्रकरणात फिरला त्याचे स्वरूप विचार करायला लावणारे आहे. ‘ग्यान कौर विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यातील अपीलकर्ते सासू-सासरे होते. सुनेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल त्यांना कलम ३०६ खाली शिक्षा झाली होती. त्यांच्या वतीने असा युक्तिवाद करण्यात आला की मरण हा जर माणसाचा मूलभूत हक्क असेल, तर त्याला मदत करणारा केवळ त्याच्या हक्काच्या बजावणीस साहाय्य करतो. मग तो गुन्हेगार कसा?

तर्काच्या दृष्टीने यात खोट काढणे अवघड आहे, आणि म्हणूनच तो भयावह आहे. छळामुळे मेलेल्या स्त्रीचे मरण हा तिचा हक्क ठरवायचा आणि त्या हक्काचा लाभ तिला मरणाकडे नेल्याचा आरोप सिद्ध झालेल्यांनी घ्यायचा, असा त्याचा शेवट होतो. हुंड्याच्या छळाने गेलेल्या सुनांच्या बातम्या ज्या काळात रोजच्या झाल्या होत्या, त्या काळातला हा युक्तिवाद आहे, हे विसरून चालणार नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २१ मार्च १९९६ रोजी तो फेटाळला. जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, असे पीठाने ठरवले आणि ३०६ बरोबर ३०९ ही वैध ठरले. मरण निश्चित आणि निकट असताना सन्मानाने मरणे हा मात्र सन्मानाने जगण्याचाच भाग होऊ शकतो, अशी एक फट पीठाने मोकळी ठेवली.

या निकालावर उदारमतवादी अभ्यासकांनी बरीच टीका केली, आणि ३०९ पुरती ती योग्यही आहे. वाचलेल्याला शिक्षा न करणे आणि प्रवृत्त करणाऱ्याला शिक्षा करणे या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. इंग्लंडच्या १९६१ च्या कायद्याने त्या केल्याही होत्या. पण ‘हक्क’ हा शब्द ज्याच्या तोंडी जाईल त्याचे रूप घेतो, हा धडा या खटल्याने शिकवला. येथेही हक्क मागणारी व्यक्ती आणि मेलेली व्यक्ती एक नव्हती.

६

याउलट, ज्यांनी मरण विचारपूर्वक स्वीकारले, त्यांच्या वाटेला कायदा सहसा गेला नाही. विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न व औषध सोडले आणि २६ तारखेला देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतील भेद त्यांनी त्याआधीच लेख लिहून मांडला होता. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ तारखेला ते गेले. कलम ३०९ तेव्हा लागू होते. त्याची आठवण करून देण्याची गरज सरकारला वाटली नाही, आणि समाजालाही नाही. जैन समाजातील सल्लेखनेचे व्रत तर शतकानुशतके चालत आले आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ते गुन्हा ठरवले, पण त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

आणि ज्या स्त्रीने आपल्याला मरायचे नाही असे परोपरीने सांगितले, तिच्यावर मात्र हे कलम वर्षानुवर्षे लावले गेले. मणिपूरमधील मालोम येथे नोव्हेंबर २००० मध्ये बसथांब्यावरील दहा नागरिक सशस्त्र दलाच्या गोळीबारात ठार झाले. त्यानंतर इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा रद्द करावा म्हणून उपोषण सुरू केले. ते ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत चालले. ३०९ खाली जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाची, म्हणून त्यांना वर्षअखेरीस सोडावे, पुन्हा अटक करावी आणि इंफाळच्या रुग्णालयात नाकातील नळीने अन्न द्यावे, असा क्रम सुरू राहिला. आपले जगण्यावर प्रेम आहे आणि आपले उपोषण हे निषेधाचे साधन आहे, असे त्यांनी २०१३ साली दिल्लीच्या न्यायालयातही सांगितले. राज्याने त्यांची मागणी राजकीय मानली असती, तर तिला उत्तर द्यावे लागले असते. तिला आत्महत्येचा प्रयत्न म्हटले, की उत्तराची जागा नळीने घेता येते.

विनोबा आणि शर्मिला या दोन उपवासांची तुलना येथे थोरवी ठरवण्यासाठी केलेली नाही. एकाने मरण स्वीकारले होते आणि त्याला कायद्याने हात लावला नाही. दुसरीने मरण नाकारले होते आणि तिच्यावर मरू पाहिल्याचा आरोप राहिला. यावरून एवढेच दिसते की कलम ३०९ चा वापर मरणेच्छेच्या प्रमाणात होत नव्हता. जेथे मरणाच्या आडून राज्याकडे काही मागितले जात होते, तेथे ते हटकून जागे होत होते.

७

असाध्य आजाराचा प्रश्न यापासून वेगळा आहे, पण तोही आपल्याकडे आला तो बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या नावाने. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुढील बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्याच निवाड्याने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग प्रथमच मोकळा केला आणि कलम ३०९ वगळण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले.

या खटल्यात न्यायालयाला ठरवावे लागले की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा. तिची कहाणी जगापुढे आणणाऱ्या लेखिकेचा, की तिला दररोज भरवणाऱ्या, स्वच्छ करणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या परिचारिकांचा? न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी अरुणाला कधी धडधाकट पाहिलेही नव्हते अशा तरुण परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही शुश्रूषा केली होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. दोन्ही पक्षांच्या मनात तिच्याविषयी माया होती. पण तिला स्वतःला काय हवे होते, हे दोघांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते.

९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या अर्जावर पाच न्यायाधीशांच्या पीठाने दिलेल्या निर्णयाचे महत्त्व येथे आहे. आपण शुद्धीवर नसू तेव्हा कोणते उपचार करू नयेत, हे माणसाला आगाऊ लिहून ठेवता येईल, असे त्या निर्णयाने मान्य केले. त्यासाठी घातलेली पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली आणि दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोरचा लेख पुरेसा झाला. या सर्व इतिहासात मागणाऱ्याचा स्वतःचा आवाज कायद्याने अखेर येथे ऐकला. तो लेख मरण मागत नाही. शरीराने जे ठरवलेच आहे त्याच्या आड यंत्रांनी येऊ नये, एवढेच तो सांगतो.

८

मग मनोरुग्णाचे काय? त्याच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. त्याचे शरीर मरणाच्या दारात नसते; यातना मात्र खऱ्या असतात. नेदरलँड्समध्ये बाउडेवाइन शाबो या मनोविकारतज्ज्ञाने १९९१ साली एका स्त्रीला मरण्यास साहाय्य केले. तिचे दोन्ही मुलगे गेले होते. शरीराचा कोणताही रोग तिला नव्हता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये शाबो यांना दोषी ठरवले, कारण दुसऱ्या तज्ज्ञाने तिला प्रत्यक्ष तपासले नव्हते. शिक्षा मात्र दिली नाही. मनाची यातनाही तत्त्वतः असह्य असू शकते, हे त्या न्यायालयाने मान्य केले. कॅनडाने केवळ मानसिक आजाराच्या आधारावर अशी मुभा देण्याचे ठरवले होते. २०२४ मध्ये ती तरतूद पुन्हा पुढे ढकलावी लागली. श्रीमंत देशांनाही येथे पाऊल सहज टाकता आलेले नाही.

यातील पेच खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. मनोरुग्णाची इच्छा ही इच्छाच नव्हे असे म्हटले, तर इंग्रज ज्यूरीप्रमाणे आपणही त्याचे तोंड बंद करतो. ती अंतिम इच्छा मानली, तर आजाराच्या एका काळोख्या प्रहराला आपण साऱ्या आयुष्याचा निकाल देऊ देतो. मरणेच्छा ही बहुधा स्थिर नसते, याला अनुभवाचा मोठा आधार आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आले. साधन हाताशी नसताना ती घटका टळली, आणि टळलेल्या घटकेनंतर माणसे जगत राहिली. त्यांची मरणेच्छा हा जर पक्का निर्धार असता, तर असे घडले नसते.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने यातून मध्यम मार्ग काढला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये. शिवाय तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य असावे. अपराधी की वेडा, या जुन्या विभागणीत ‘ताण’ हा तिसरा शब्द प्रथमच आला, आणि तो मोलाचा आहे. ताण म्हटले की तो कशाचा, हे विचारावे लागते. मात्र ताण मनात असला तरी त्याचे मूळ अनेकदा मनाबाहेर, सावकाराच्या वहीत, सासरच्या माजघरात किंवा कार्यालयाच्या बंद दारात असते. केवळ औषधोपचाराने तेथवर पोहोचता येत नाही.

९

नव्या संहितेने ३०९ वे कलम वगळले, पण एक धागा मागे ठेवला. तिच्या २२६ व्या कलमानुसार लोकसेवकाला आपले कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून परावृत्त करण्यासाठी जो आत्महत्येचा प्रयत्न करील, त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. लोकसेवकावर दबाव येऊ नये, हा त्याचा हेतू समजण्यासारखा आहे. मंत्रालयापुढे, जिल्हाधिकारी कचेरीपुढे दिल्या जाणाऱ्या आत्मदहनाच्या इशाऱ्यांनी प्रशासन अडचणीत येते, हेही खरे. पण हे कलम १९८५ च्या मुंबईत असते, तर ते नेमके कोणाला लागू झाले असते, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करावा. ज्या माणसाच्या नावाने जुने कलम प्रथम कोसळले, तो नव्या कलमाच्या कक्षेत जवळजवळ पूर्णपणे बसला असता. एकटेपणी जीव देऊ पाहणाऱ्याला कायद्याने आता सोडले आहे; दाराशी येऊन देऊ पाहणाऱ्याला नाही.

याच महाराष्ट्रात दुसरीही एक पद्धत रूढ आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याने जीव दिला की गावात पंचनामा होतो, कागदपत्रे जिल्हा समितीपुढे जातात आणि ती आत्महत्या मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा नियम २००६ साली झाला. ‘अपात्र आत्महत्या’ हा शब्दप्रयोग कानाला कितीही क्रूर वाटला, तरी त्या समितीच्या कामात कौटिल्याच्या प्रश्नाची एक अंधुक छाया आहे. या माणसावर कोणता अपकार झाला होता, हे ती विचारते. दुःख एवढेच, की हा प्रश्न तो गेल्यावर विचारला जातो, आणि उत्तरही सात-बाराच्या उताऱ्यात व बँकेच्या थकबाकीत मावेल तेवढेच घेतले जाते.

मरणाच्या हक्काचा आपला इतिहास पाहता दोन निराळे प्रश्न त्यात एकमेकांत मिसळले गेले, असे म्हणावे लागेल. ज्याचे मरण शरीराने ठरवले आहे, त्याच्याबाबत विचारायचा प्रश्न असा, की त्याने स्वतः काय सांगून ठेवले आहे. २०१८ नंतर या प्रश्नाला कायद्यात वाट मिळाली. ज्याचे मरण त्याच्या परिस्थितीने, छळाने किंवा आजाराने त्याच्यापुढे आणून ठेवले आहे, त्याच्याबाबत विचारायचा प्रश्न वेगळा, आणि तो म्हणजे विप्रकाराचा. त्याला हक्क बहाल करणे सोपे आहे. तो उदारतेचा आविष्कारही ठरतो. त्याचा अर्ज वाचणे कठीण आहे, कारण त्यावर निर्णय करावा लागतो. हक्काची भाषा पहिल्या प्रश्नाला शोभते. दुसऱ्या प्रश्नापुढे ती कितीही सद्‌हेतूने वापरली, तरी ऐकण्याच्या कर्तव्यातून आपली सुटका करून घेण्याचे साधन होऊ शकते.

अर्थशास्त्रातील ते प्रकरण दोन हजार वर्षांच्या आसपासचे जुने आहे, आणि त्यातली शिक्षा कोणाही सुसंस्कृत माणसाने टाकून द्यावी अशीच आहे. आपण ती टाकली आहे. शिक्षेच्या आधीचा प्रश्न मात्र ठेवून घेण्यासारखा आहे. आणि तो आशुमृताच्या परीक्षेतून उचलून जिवंत माणसाच्या भेटीत आणण्यासारखा आहे. वाचलेला माणूस इस्पितळात शुद्धीवर येतो, तेव्हा त्याच्या उशाशी आता पोलीस नसेल. त्या रिकाम्या जागेवर कोण बसेल आणि त्याला काय विचारील, हे मात्र कोणत्याही कलमाने अजून लिहिलेले नाही.